अमेरिकन कादंबरी आणि दीक्षितपुऱ्यातली खोली

जबलपूरला एम.ए.साठी मी आधुनिक अमेरिकन साहित्य घेतलं, कारण कुणी विचारलं की सांगायला भारी वाटायचं. कविता असो, नाटक असो की कादंबरी, आमचे सर एकच सांगत, "सामाजिक संदर्भ लिखो, भाई." मी इतका पेटलो की चहात साखर कमी पडली तरी तिचा सामाजिक संदर्भ शोधू लागलो. स्वतःचा तेवढा झाकून ठेवला होता.

दीक्षितपुऱ्यात मला खोली मिळाली ती आडनावाच्या जोरावर. शेवटी 'कर' असलेलं माझं आडनाव कुठल्याही जातीत खपून जाई. मालकीणबाई मराठी, पिढ्यान् पिढ्या जबलपूरच्या. "चलो, हिंदीवाल्यांत एक आपला माणूस आला," म्हणून त्यांनी फार चौकशी केली नाही, आणि आम्ही बौद्ध आहोत हे मीही आपण होऊन सांगितलं नाही. परीक्षेपर्यंत डोक्यावर छप्पर हवं होतं.

संध्याकाळी तांदूळ निवडताना मालकीणकाकू मला अमेरिकेची गोष्ट सांगायला लावत. तेव्हा एक कादंबरी चालू होती. काळ्या आईबापांचा उजळ मुलगा गोऱ्यांत गोरा म्हणून राहतो आणि भीतीने रोज अर्धा होतो.

"काहून इतका भिऊन राहिला तो?" काकू म्हणाल्या. "सांगून टाकावं ना सरळ."

"घरमालकीण हाकलून देईल, काकू."

"अच्छा! बडे खराब लोक आहेत बापा तिकडले."

मी जोरात मान हलवली आणि अमेरिकेतल्या अन्यायावर अर्धा तास बोललो.

पुढच्या आठवड्यात बालाघाटहून आई भेटायला आली. दारात नुसतं 'नमस्कार' म्हण, असं तिला बजावून ठेवलं होतं. पण काकूंनी हसून "या, या" म्हटलं आणि आईच्या तोंडून जन्माची सवय निघाली, "जय भीम, ताई!"

काकूंचा सुपातला हात थांबला. चहा आला, पण घरातल्या कपात नव्हे, वरच्या फळीवरच्या जुन्या काचेच्या पेल्यात. आईने तो पिऊन स्वतःच विसळून ठेवला. मला लाज वाटली की राग आला, आजही नीट सांगता येत नाही. बहुधा दोन्ही.

आई गेल्यावर काकूंनी विचारलं, "त्या पोराचं पुढं काय झालं मग?"

"शेवट अजून वाचला नाही."

"अच्छा." थोडे खडे वेचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "परीक्षा झाली की खोली खाली कर, बेटा. भाचा येऊन राहिला."

ते 'बेटा' फार लागलं. शिवी दिली असती तर निदान भांडलो असतो. परीक्षेत नेमकी तीच कादंबरी आली, सामाजिक संदर्भासह. मी पुरवणीवर पुरवणी जोडत सगळी अमेरिका धुऊन काढली, दीक्षितपुऱ्याचं नावही काढलं नाही.

परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलून निघालो. दारात काकू उभ्या होत्या. मी हात जोडले आणि चांगलं मोठ्याने म्हणालो, "जय भीम, काकू." खोली तर गेलीच होती, आता भ्यायचं कशाला?