न पुरणारा खण

कुणी माझ्याशी फार गोड बोललं, की मी आधी पदर नीट करते. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी छाती अशी वाढली, की समोरचा माझ्याशी बोलतोय की तिच्याशी, हेच कळेनासं झालं. मध्य प्रदेशात धारच्या एका शाळेत मी गणित शिकवते. फळ्याकडे तोंड केलं की मागे कोण हसलं ते मला न वळता समजतं, आणि कित्येकदा कुणी हसलेलंही नसतं. देवीवरसुद्धा माझा पुरता विश्वास नव्हता. आरती म्हणता म्हणता मनात यायचं, बाई गं, जरा मोजूनमापून दिलं असतंस तर तुझं काय जात होतं?

नुसती लाज असती तर निभावून नेलं असतं. पण खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडल्या होत्या, बोट बसेल एवढ्या. मान सतत आखडलेली, खडू धरला की हाताला मुंग्या, आणि उन्हाळा लागला की छातीखाली पुरळ उठून नुसती आग आग व्हायची. आणि तो खण! आमच्या मराठी घरांत हळदीकुंकवाला, ओटी भरताना खण देतात. एका खणात कुणाही बाईची चोळी होते, माझी होत नाही. शिवणाऱ्या बाईनं एकदा कापड माझ्या पाठीला लावून पाहिलं आणि म्हणाली, "भाभी, इसमें तो नहीं होगा, दो लगेंगे." दुकानातल्या दोघी हसल्या. त्या दिवसापासून आलेला प्रत्येक खण मी पेटीत टाकत गेले. देणारी मुद्दाम देते, अशी माझी खात्रीच होती.

इंदूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही हौस नाही, दुखणं आहे. ऑपरेशननं कमी करता येईल." मला वाटलं, हे त्या सगळ्यांनाच सांगत असणार. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, तर तेही तेच म्हणाले. मग वाटलं, दोघांची आपसात ओळख दिसते. आमचे हे म्हणाले, "तुला पटतंय ना? मग करून घे." एवढ्या पटकन कसे तयार झाले, म्हणून दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

थोरल्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, देवासला असतात. त्या मात्र तोंडावर बोलल्या. "दोन लेकरं वाढली त्या अंगावर. देवीनं दिलेल्याला सुरी लावायची? आधी आमच्या देवासच्या टेकरीवर मातेच्या देवळात जा, तिची ओटी भर, तिला विचार. मग काय ते कर." मनातून मलाही तीच भीती होती. आपण पाप तर करत नाही ना? ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि माझं मन ठरत नव्हतं.

शेवटी देवासला गेले. वन्संचे गुडघे दुखतात, त्या टेकरीखाली प्रसादाच्या दुकानाशी बसल्या. मी एकटी पायऱ्या चढले, दर वीस पायऱ्यांना थांबत. ओटी भरली, डोळे मिटून विचारलं. डोळे उघडले. पुजाऱ्यांनी प्रसाद म्हणून माझ्या हातावर ठेवला एक खण. हिरवा, लाल काठाचा. अगदी भडका उडाला डोक्यात. म्हटलं, तूसुद्धा हसतेस ना मला?

उतरताना एका पायरीवर धापा टाकत बसले. शेजारी एक पन्नाशीची बाई येऊन टेकली, साधी सुती साडी, हातात रिकामी परडी. ती माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःचा खांदा चोळत सरळ मराठीत म्हणाली, "पेटीत नको टाकूस हो. शिवून घे. पुरेल."

मी चपापले. पेटीचं हिला कुणी सांगितलं? मी पदर नीट करेपर्यंत ती उठून वरच्या वळणाला लागलीसुद्धा.

खाली येऊन मी वन्संना धरलंच. "ती बाई तुम्हीच पाठवलीत ना?"

"कोण बाई? अगं, मी इथून हललेय का?"

ऑटोत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, वन्संना तर ऑपरेशन नकोच होतं. खण पुरेल, असं त्या कशाला सांगायला लावतील? तरी मी स्वतःला बजावलं, ती बाई सगळ्यांनाच असं म्हणत असेल. खण मात्र पेटीत टाकवेना.

ऑपरेशनच्या सकाळी मला स्ट्रेचरवरून आत नेलं. दाराशी इतकी घाबरले, की संशय घ्यायलाही अंगात त्राण उरलं नाही. "आता तूच बघ, बाई," एवढंच म्हटलं आणि प्रथमच हातपाय सैल सोडले.

माझी सेवा करायला धारला कोण आलं असेल? वन्सं! पहिल्यांदा अंग पुसताना त्यांना माझ्या खांद्यांवरच्या खाचा दिसल्या. त्या हात थांबवून रडायलाच लागल्या. "मेले, मला कधी दाखवलं का नाहीस गं?" काय सांगणार? इतकी वर्षं मी त्यांच्या प्रत्येक शब्दात टोमणा शोधत होते.

टाके भरून आले, छातीवरचा पट्टा सुटला, तेव्हा वन्संनी स्वतः माप घेतलं आणि माझ्याच मशीनवर तो हिरवा खण शिवला. पुरला. चार बोटं कापड उरलं, त्याचं त्यांनी देव्हाऱ्यातल्या देवीला आसन केलं. पेटीतले खणही मी सगळे बाहेर काढले. देणाऱ्या किती जणींनी प्रेमानं दिले असतील, कोण जाणे.

पुढच्या नवरात्रात तीच चोळी घालून टेकरी चढले. त्या बाईला खूप शोधलं, दिसली नाही. उतरताना पायरीवर एक तिशीची बाई बसलेली, पिशवी छातीशी घट्ट धरून धापा टाकत होती, मध्येच मानेवर हात दाबत होती. मला कुणी काही सांगावं लागलं नाही. मला वर मिळालेला प्रसादाचा खण मी तिच्या हातात ठेवला. "पेटीत नको टाकूस. शिवून घे, पुरेल." बोलताना माझा हात माझ्याच खांद्यावरच्या खाचेवर होता. सवय जात नाही.

ती दचकली. माझ्याकडे संशयानं बघत तिनं आधी पदर नीट केला. मी थांबले नाही. दोन पायऱ्या उतरून वर मातेकडे हात जोडले. म्हटलं, आता हिचंही तूच बघ.