मानेवरचा व्हॅनिला

मेलेल्या माणसाची वासाची बाटली उघडून मी मानेला लावली आणि मुलगी बघायला गेलो. चूक माझी, शंभर टक्के माझी.

आधीच सांगतो, असले अनुभव मी आजवर चहाबरोबर फरसाण खावं तसे वाचत आलोय... हसत. भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. निपाणीत पैज लावून स्मशानाच्या शेडमध्ये बसून भजी खाल्लेला माणूस मी. वर केमिस्ट्रीतला बी.एस्सी. (सेकंड क्लास, पण बी.एस्सी.)

गोष्ट नव्वदच्या दशकातली. बंगळूरबाहेर बोम्मसंद्र्याला, होसूर रोडपासून जरा आत, अगरबत्तीसाठी आणि साबणासाठी सुगंध तयार करणारं एक छोटं युनिट होतं. मी तिथं लॅबमध्ये होतो आणि वरच्याच मजल्यावर एका खोलीत राहायचो. सुगंध जुळवायचं काम रामोजी अण्णांचं. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी बंगळूरला आलेलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता मधेच कन्नड. मला नावानं कधी हाक मारली नाही, गावावरूनच. "ए निपाणी, स्वल्प इकडं ये रे."

इकडं ये म्हणजे मान दे. इतर ठिकाणी नवा वास कागदाच्या पट्टीवर तपासतात. अण्णांना ते मंजूर नव्हतं. "कागदाला अंगाची ऊब असते काय रे?" ते कुणाच्या तरी मानेला मागून थेंब लावायचे आणि चार वेळा हुंगायचे. लावल्या लावल्या, अर्ध्या तासानं, दोन तासांनी, सहा तासांनी. पावलं वाजायची नाहीत. एकदम मानेवर गरम श्वास, आणि एकच "ह्म्". मग वहीत जांभळ्या पेन्सिलीनं शेरा. प्रत्येक वासाला एक पान, वर ज्याची मान त्याचं नाव, खाली चार रकाने.

शेवटी शेवटी ते थंडीचा वास करत होते. थंडीत वास अंगावरून उठत नाही, बसून राहतो, म्हणून व्हॅनिला. ट्रायल नंबर एक्केचाळीस. तो कुणाच्या मानेला लागायच्या आधीच, नोव्हेंबरात, अण्णा टेबलाशी बसल्या बसल्या गेले. बाटली आणि वही मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. एक्केचाळीसच्या पानावर नावही नव्हतं, शेरेही नव्हते. किल्ली एकच, ती माझ्या करदोट्याला.

डिसेंबरातल्या एका रविवारी चामराजपेटेत मला मुलगी बघायला जायचं होतं. माझं वय एकतीस. आधी सात ठिकाणी नकार. आईनं पत्रात लिहिलं होतं, हे जमलं नाही तर मी पुढं शोधणार नाही, तुझं तू बघ. आणि त्या सकाळी स्टोव्ह पेटेना. गार पाण्यानं अंघोळ करायची छाती नव्हती... खरं सांगायचं तर तो अंघोळ चुकवल्याचा तिसरा दिवस होता. म्हणून आठ वाजता कपाट उघडलं आणि एक्केचाळीस नंबरचे दोन थेंब मानेला चोळले.

उतू जायच्या बेतात आलेलं साखर घातलेलं दूध असावं, तसा वास. आणि लगेच मानेवर गरम श्वास. "ह्म्."

मफलरमुळे आपलाच श्वास मागं फिरला असेल, असं म्हणालो. बी.एस्सी. ना!

साडेआठला बसमध्ये मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसलो. मागं फक्त पत्रा. खिडक्या बंद, बाहेर धुकं. पत्रा इतका गार की पाठ टेकवत नव्हती. आणि त्या गारठ्यात मानेवर नेमका रुपयाएवढा भाग तापला. "ह्म्."

शेजारच्या बाईनं नाक वर केलं. "छान वास आहे," असं काहीतरी कन्नडमधून म्हणाली आणि मग सरकून पुढच्या बाकावर जाऊन बसली.

चामराजपेटेत मी भिंतीला पाठ लावून बसलो. मुलीचे वडील यशवंतराव समोरच्या खुर्चीत, शेजारी तिची आत्या. वत्सला उप्पीट आणि कॉफी घेऊन आली.

"नोकरी पर्मनंट काय हो?" यशवंतराव.

"हो."

"सरी. सरी." म्हणजे कन्नडमधलं बरं, बरं.

आत्या त्यांना म्हणाली, "दादा, मुलगा वासाला तरी बरा आहे हं."

सगळे हसले. घड्याळात दहा वाजले. माझ्या डोक्याला, पाठीला भिंत लागलेली होती हो... बोट शिरेल एवढी फट नव्हती. तरी श्वास आला. जवळून, ओला, गरम. मी ओरडलो आणि कपातली सगळी कॉफी यशवंतरावांच्या पांढऱ्या धोतरावर सांडली.

"फिट येतात काय तुम्हाला?" ते उठून उभेच राहिले.

मी काही बोलणार तोच वत्सला हळूच म्हणाली, "कॉलर हलली त्यांची. पंखा बंद आहे, बाबा." ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या मानेकडं बघत होती.

"तू आत जा." आणि मला, "कळवतो आम्ही." कळवतो म्हणजे काय, हे सात नकार पचवलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

रिक्षानं परत आलो. नळाखाली मान धरली, साबण लावला, गार पाण्याचं भय केव्हाच गेलं होतं. वास तिळभर कमी होईना. मग कपाट उघडून वही काढली. एक्केचाळीसच्या पानावर वर माझं नाव होतं. निपाणी नाही, आख्खं नाव, वडिलांच्या नावासकट. खाली जांभळ्या पेन्सिलीनं, अण्णांच्याच अक्षरात —

ठीक.
गोडी जास्त.
माणूस घाबरला, घाम मिसळला.

चौथा रकाना कोरा. दोनला पाच मिनिटं कमी.

पळावंसं वाटलं. पण पळून जाणार कुठं? मान तर बरोबरच येणार. वही आत टाकली, कुलूप लावलं आणि टेबलाशी बसून राहिलो. बाहेर लख्ख ऊन, लांब कुठंतरी ट्रकचे हॉर्न. दोन वाजले. या वेळी "ह्म्" नाही. फक्त श्वास आत ओढल्याचा आवाज... लांब, संपतच नाही असा. तो थांबला तेव्हा माझी मान बर्फासारखी गार होती आणि वासाचा मागमूस नव्हता.

सोमवारी यशवंतराव ऑफिसात चौकशीला आले, माणूस खरंच नोकरीत आहे की तेही सोंग, म्हणून. हट्टानं वत्सलाही आली होती. ते मॅनेजरशी बोलत होते तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. आता गमवायचं काय उरलं होतं? तिच्यासमोर कपाट उघडलं. वही होती. बाटली नव्हती. किल्ली करदोट्यालाच, कुलूप मीच लावलेलं.

तिनं पान वाचलं, वही मिटली आणि पोटाशी धरली. मला दिली नाही. वडिलांना म्हणाली, "फिट नाहीत येत यांना, बाबा. खरं सांगतात हे."

वैशाखात लग्न झालं. त्या रविवारचं स्पष्टीकरण माझ्याकडं आजही नाही. जांभळी पेन्सिल अण्णांच्या खिशातून त्यांच्याबरोबरच गेली होती, ती बाटली पुन्हा कुणाला दिसली नाही. थंडीत बाजारात कुणाच्या अंगाला व्हॅनिलाचा वास आला की मी त्याच्या मानेकडं बघतो, आणि वत्सला माझा हात धरून मला पुढं ओढते.

चौथ्या रकान्यात काय होतं ते तिनं लग्नानंतर सांगितलं. म्हणाली, आधी सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मी दयेनं हो म्हणाले. अण्णांनी लिहिलं होतं —

"वास पास. माणूस नापास. दुसरा बघतो."