पेरभर पाणी

"पाणी दाखव आधी."

पोरगा गाडीवरून उतरलाही नसायचा, तोवर बाई दारातून उठून गाडीच्या मागं जायची. मागच्या कॅरिअरला सायकलच्या ट्यूबनं घट्ट बांधलेला तेलाचा जुना पिपा असायचा, वरचं झाकण कापून काढलेला. तोंडावर फाटक्या जाळ्याचा तुकडा. तो तुकडा ती एका बाजूनं सोडायची, काठावर मूठ टेकवायची आणि एक बोट आत सोडायची. मग बोट बाहेर काढून पाहायची, वरची किती पेरं कोरडी राहिली ते.

एक पेर कोरडं म्हणजे ठीक. दोन पेरं कोरडी असली तर बोट तसंच पोराच्या तोंडासमोर धरायची. अख्खं बोट कोरडं निघालं तर दुसऱ्या दिवशी गाडीची चावी तिच्या कमरेच्या पिशवीत जायची आणि पोरगा माझ्यासोबत बसनं कॉलेजात.

पाणी ठीक असलं तरी शाबासकी नव्हती. "जा, हातपाय धू," एवढंच.

मी तिच्याच गल्लीतला. आमच्या गल्लीतला पहिला बी.ए. मी. पुढं एम.ए. केलं आणि ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात शिकवायला लागलो. हे मी कुठंही गेलो तरी सांगतो. सांगायला लाज कशाची? बाई मला मास्तर म्हणायची. तिचं घर मासे धरणाऱ्या ढिवरांचं, गावच्या मोठ्या तलावावर जगलेलं. नवरा तेलंगणात मिरची तोडायला जायचा आणि पुढं तिकडंच एका गोदामावर टिकला. तो तिकडं गेला आणि त्याची मोटारसायकल दारात राहिली. घरात अकरावीतला एकुलता पोरगा. आता तुम्हीच सांगा, ती गाडी उभी किती दिवस राहणार?

परवान्याचं वय त्याचं झालं नव्हतं. गावाकडं ते कोणी विचारत नाही. विचारलं पाहिजे, असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पण बाईची अडचण खरी होती. ती पहाटे टोपल्यात मासे घेऊन काळीपिवळीनं ब्रह्मपुरीच्या गुजरीत, भाजी-मासळीच्या बाजारात, जायची. मेलेले मासे जीपवाला नेऊ द्यायचा, जिवंत नाही. पाणी सांडते, पॅसेंजर बोंबलतात. आणि मरळ तर जिवंतच विकली जाते. लोक ती पिप्यात हलताना पाहिल्याशिवाय हात लावत नाहीत. म्हणून मरळ पोराच्या गाडीवर. त्यानं ती कॉलेजच्या वाटेवर गुजरीत आईजवळ पोचवायची.

पहिल्याच आठवड्यात तिला उमगलं. गाडीच्या मीटरचा काटा नवऱ्याच्याच काळात मेला होता. पण पिपा बोलत होता. ज्या दिवशी पोरगा बसच्या मागं मागं आला त्या दिवशी पाणी काठाशी, आणि ज्या दिवशी तो बसच्या आधी पोचला त्या दिवशी मरळी तळाशी एकमेकींवर पडलेल्या. जाळ्यातून मासा पडत नाही, पाणी मात्र पडतं. तिनं पोराला एकदाही हळू चालव म्हटलं नाही. "पाणी दाखव" म्हणाली.

पोरगा हुशार होता, मी शिकवायचो त्याच वर्गातला. गुजरीच्या मागं एक बोअर आहे. त्यानं काही दिवस मजेत गाडी पळवली आणि बोअरवर पिपा काठोकाठ भरून आईसमोर ठेवला. तिनं बोट घातलं, बाहेर काढलं, नाकाशी नेलं. शेजारच्या कांदेवालीलाही हुंगायला दिलं. म्हणाली, "आपल्या तलावाले कधीपासून शेवाळाचा वास नाई राह्यला, बाप्पा?" सगळी गुजरी हसली. पोराचे कान लाल झाले आणि तो आठवडाभर माझ्या शेजारी बसमध्ये खिडकीबाहेर पाहत बसून आला.

पण तिच्या हातात वाट अर्धीच होती, सकाळची. मला एकदा बसस्टँडवर म्हणाली, "मास्तर, मासे हायेत तवरक तो माहा. मासे उतरले का तो रस्त्याचा." यावर तिनं जो उपाय काढला, त्यानं तिला गावभर वेडी ठरवलं. कॉलेज सुटल्यावर पोरानं गुजरीच्या बोअरवर पिपा भरायचा आणि भरलेला घरी आणायचा. येताना तलावावर भरून फसवेल म्हणावं, तर तलावाचं पाणी हिरवट. हापशीवर भरेल म्हणावं, तर गावची हापशी हिच्याच दारासमोर.

तलावाच्या गावात ब्रह्मपुरीहून पाणी यायला लागलं. लोक किती हसले असतील ते मी सांगायला नको. सर्वांत मोठ्यानं समोरच्या घरची काकू हसायची. कास्तकाराचं घर, धानाची शेती, तोंडानं फटकळ पण मनानं वाईट नव्हे. तिचाही पोरगा याच्याच वर्गातला, दोघे जिवाचे दोस्त. त्याच्या बापानं त्याला नवी कोरी गाडी घेऊन दिली होती. काकू ओट्यावर तांदूळ निवडत असायची आणि पिपा उतरताना दिसला की विचारायची, "काऊन बाई, आज गंगाजल आणलं काय पोट्ट्यानं?"

बाई बोटाकडं बघत म्हणायची, "हाव. तुह्या पोट्ट्याच्याही मांगं बांध एखादा पिपा."

"माह्या पोट्ट्याले काय मासोळ्या विकाच्या हायेत?"

यावर ओट्याओट्यावर हशा. मीही त्यात असायचो. पोरगाही हसायचा, त्याला तोपर्यंत सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायला लागला होता. बारावीत आला तेव्हा एक पेरसुद्धा कोरडं राहू न देता तो येऊ शकायचा. खड्डा कुठं आहे, ब्रेकर कुठं, कुठल्या वळणावर गाडी किती कलवायची, सगळं त्याच्या अंगात भिनलं होतं.

धान कापणीचे दिवस होते. संध्याकाळी मी घरी चहा पीत होतो. बाहेर बाईचं "पाणी दाखव आधी" ऐकू आलं आणि त्यानंतर काहीच नाही. मी सहज दारात आलो. गाडी उभी होती, पोरगा गाडीवरच होता. बाईनं जाळं सोडलं, बोट घातलं, मग अख्खा हात कोपरापर्यंत आत घातला. पिपा पूर्ण रिकामा होता.

"एवढी पळवली?" ती म्हणाली. तिचा हात वर गेला होता.

"त्याले पाजलं, माय," पोरगा म्हणाला.

हात वरच राहिला. आम्हाला अर्थ लागायला वेळ लागला. मग त्याच्या शर्टावरच्या रक्ताकडं लक्ष गेलं.

जंगलाच्या पट्ट्यात आमचा रस्ता सरळ आहे, म्हणून पोरं तिथंच गाडी सुसाट सोडतात. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल. काकूचा पोरगा पुढं निघून गेला होता. हा मागून आपल्या चालीनं पाणी सांभाळत येत होता. पुढच्यासमोर रानडुक्कर आडवं आलं. हा पोचला तेव्हा दोस्त रस्त्याच्या कडेला पडून पाणी मागत होता. यानं ओंजळीनं पाजलं, तोंड धुतलं, डोकं धुतलं, पिपा संपेपर्यंत धुतलं. मग मागून जीप आली, तिच्यातून त्याला दवाखान्यात नेलं. तो तिथं जिवंत पोचला नाही. हा दवाखान्यात न जाता घरी आला होता, कारण काकूला सांगायचं होतं. आणि गल्लीत आल्यावर त्याला गाडीवरून उतरता येत नव्हतं.

काकूच्या घरी बाईच गेली. त्याला जागेवर सोडून, तो ओला हात पदराला पुसत.

दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी काकू स्वतः गल्ली ओलांडून हिच्या दारात येऊन बसली. आम्ही चार-पाचजण तिथं होतो. काकू बराच वेळ पिप्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "तुले ठाऊक होतं ना बाई, पाणी बांधा लागते म्हणून. मले काऊन नाई सांगितलं?"

सांगितलं होतं. भर गल्लीत सांगितलं होतं आणि ते ऐकून हसलेली सगळी माणसं तिथंच बसली होती. कोणी मान वर केली नाही.

बाई म्हणाली, "चुकलंच माह्यं."

एवढंच म्हणाली आणि काकूचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली. मी बरंच वाचलं आहे, मोठमोठ्या माणसांची चरित्रं शिकवतो. तरी दुसऱ्याच्या दुःखाला बसायला जागा मिळावी म्हणून आपली बाजू उचलून ठेवणारं माणूस मी समोर एकच पाहिलं.

यानंतर आमच्या गावात काही गाड्यांच्या मागं पाण्याच्या कॅन दिसू लागल्या. काही टिकल्या, काही महिनाभरात सुटल्या. तिच्या पोराच्या गाडीवर मात्र पिपा नव्हता, कारण तो गाडीला हातच लावत नव्हता. कॉलेजही सुटलं. बसमध्ये बसला तरी जंगलाचा पट्टा आला की पुढच्या सीटचा दांडा धरायचा. मरळी तलावातच राहिल्या. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. मी समजावून थकलो. मला वाटलं, हा पोरगा आता ओट्यावरच म्हातारा होणार.

एका सकाळी मी बसच्या खिडकीशी होतो. पुढं रस्त्यावर एक मोटारसायकल इतकी हळू चालली होती की एक सायकलवाला तिला मागं टाकून गेला. बस जवळ आली तसं दिसलं, पोरगा चालवत होता आणि मागं बाई बसली होती. पिपा तिनं मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी, लेकरासारखा. काठोकाठ भरलेला. प्रत्येक हिसक्याला पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं. पोरगा हिसका बसला की आणखी हळू करायचा. बस त्यांना ओलांडत होती तेव्हा तिचा आवाज मला आत ऐकू आला.

"चाल, बाप्पा. सांडू दे थोडं."

गुजरीत मी तिला गाठलं तेव्हा ती कमरेखाली चिंब भिजून बसली होती आणि कांदेवाली तिला नावं ठेवत होती. पोरगा बोअरवर पिपा भरत होता, तोंड फिरवून. मी म्हटलं, बाई, थंडीचे दिवस आहेत, आजारी पडाल. ती म्हणाली, "मीनंच भेव भरला होता ना त्याच्यात, मास्तर. आता थोडा काढा लागते."

पोरानं परीक्षा दिली. पास झाला. पुढं बी.ए.लाही माझ्याच कॉलेजात राहिला. पिपा पुन्हा कॅरिअरवर गेला, मरळी पुन्हा गुजरीत. पोरगा मोठा झाला, परवाना आला, मिशी आली, तरी दारातलं "पाणी दाखव आधी" सुटलं नाही. फरक एवढाच की आता तो स्वतःच जाळं सोडून बाजूला उभा राहायचा. आणि काकू ओट्यावरून पाहायची. हसायची नाही. बोट बाहेर येईपर्यंत तांदूळ निवडणं थांबवायची.

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता बाईला ताप आला. साधा ताप म्हणून ती दोन दिवस गुजरीत बसली. आठवड्याच्या आत गेली.

नवरा तेलंगणातून आला. अस्थी वैनगंगेत सोडायला आम्ही निघालो तेव्हा तो मी अलीकडं घेतलेल्या गाडीवर मागं बसला, मडकं मांडीवर घेऊन. पोरगा आपल्या गाडीवर पुढं, एकटा. त्याच्या कॅरिअरला रिकामा पिपा बांधलेला होता. नदीवर सगळं उरकलं आणि पोरगा गुडघाभर पाण्यात जाऊन पिपा भरून आला, जाळ्याचा तुकडा बांधला, ट्यूब आवळली.

वाटेत त्याचा बाप माझ्या कानाशी म्हणाला, "पाणी कायले घेतलं त्यानं?"

मी त्याला सांगितलं. जंगलाचा पट्टा येईपर्यंत तेवढंच सांगत होतो. मागून एक बस आली, पोरानं हात दाखवून तिला पुढं जाऊ दिलं. बाप त्या बसच्या धुळीतून पुढच्या पिप्याकडं पाहत होता. मग म्हणाला, "फोनवर हे कधी नाई सांगितलं तिनं. बरा हाये पोरगा, एवढंच सांगे."

गल्लीत पोचलो. दारं उघडी होती, माणसं ओट्यांवर होती. पोरानं दारासमोर गाडी उभी केली, उतरला, मागं आला, एका बाजूनं जाळं सोडलं. आणि बाजूला उभा राहिला. सवयीनं उभा राहिला, आणि उभा राहिल्यावर त्याला कळलं.

बापानं एक पाऊल टाकलं, पण त्याला ते येत नव्हतं.

समोरच्या ओट्यावरून काकू उठली. गल्ली ओलांडून आली, पिप्याच्या काठावर मूठ टेकवली आणि बोट आत सोडलं. बाहेर काढून उन्हात धरून पाहिलं. वरचं एक पेर कोरडं होतं.

"जा," ती म्हणाली, "हातपाय धू."