बैलांचा हिंगूळ मोटारीला

आमच्या आबांनी बैल आणि मोटार यांत कधी भेद केला नाही, हेच आमचं दुखणं. नगरच्या एका डॉक्टरची जुनी मोटार त्यांनी विकत घेतली, वाजतगाजत तिसगावात आणली आणि त्या दिवसापासून येष्टीत पाय ठेवायचा नाही असं ठरवलं. मोटार धुवायची ती बैलांबरोबर ओढ्यात. पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला हिंगूळ मोटारीच्या चाकांना, आतून-बाहेरून, हात पोचेल तिथं! वर पुरणपोळीचा नैवेद्य. आई म्हणायची, "शेपूट न्हाई म्हनून गोंडा ऱ्हायला."

पुढच्या जूनमध्ये मला नगरला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, सोमवारी दहाच्या आत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. आणि रविवारी सकाळी मोटारीचा ब्रेक गेला. पेडल थेट तळाला. वाटेत करंजीचा घाट.

मी म्हटलं, "आबा, सकाळी सहाची येष्टी हाय."

"दारात मोटार असताना माझी लेक येष्टीनं? लोक काय म्हनतील?"

लोक! लोकांच्या बापाचं काय जात होतं? जागा माझी जाणार होती.

ब्रेकच्या पाइपात हवा शिरली होती. ती काढायला प्रत्येक चाकामागे एक छोटं निपल असतं. एकानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं निपल सैल करून हवा सोडायची. दाबायला मी, गाडीखाली आबा. "दाब! धर! सोड!" सकाळपासून हेच. पण निपल सुटेल तर ना! वर हिंगूळ, खाली गंज. आबा खुरप्यानं रंग खरवडत होते, रॉकेल ओतत होते, हातोडीनं ठोकत होते. पाना निसटला की खालून गर्जना, "तू नीट धरलं न्हाईस!" पाना यांच्या हातात आणि चूक माझी. नाचता येईना, अंगण वाकडं!

"बाजारातल्या मिस्त्रीला तरी बोलवा," मी म्हटलं.

"हिंगूळ बघून हसंल त्यो."

म्हणजे मिस्त्री हसू नये म्हणून माझं ट्रेनिंग बुडायचं. दाबून दाबून पायाला गोळे आले होते आणि डोक्यात नुसता जाळ.

दुपारपर्यंत तीन निपलं सुटली. चौथं काही केल्या हलेना. आबांनी पान्याला लोखंडी नळी अडकवली आणि सगळा जोर लावला.

"आबा, हळू! तुटंल!"

"आता तू शिकव मला!"

आणि कट् झालं. आबा बाहेर आले. निपलचं डोकं त्यांच्या तळहातावर, लालभडक.

"लावा आता हिंगूळ आन् व्हा घाट पार!" मी ओरडले. बापाशी असं मी आधी कधी बोलले नव्हते. ते चाकापाशी बसून राहिले. दिवेलागणीला आत आले आणि आईला म्हणाले, "तिची ट्रंक भर. येष्टी सहाची हाय."

पहाटे ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन ते स्टँडवर आले. कुणीतरी विचारलंच, "मोटार कुठंय, आबा?" "मोडली," एवढंच म्हणाले आणि माझ्याबरोबर येष्टीत चढले.

घाटात वळणावर समोरून ट्रक आला. आबांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला. ट्रक गेला तरी पाय तसाच.

"सोडा आबा," मी हळूच म्हटलं.

नगरला पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. ट्रेनिंगच्या गेटाशी त्यांनी ट्रंक उतरवली. नखांत अजून लाल रंग होता.

"पंधरा दिसांनी न्यायला येतो."

"मोटारीनं?" मी अजून फुगलेलीच होते.

"न्हाई. येष्टीनं."

कालपासून आवरलेलं रडू मला तिथं फुटलं.