जर्नलची रिकामी जागा

ओमानमधल्या इब्राच्या आमच्या कॉलेजात शिकवणारे वसईचे एक सर अधूनमधून लायब्ररीत येऊन माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवायचे. "मॅडम, ह्या जर्नलनेपण पेपर परत पाठवला. यल्ला, चला, आता दुसऱ्याची स्टाईल शोधू."

प्रत्येक जर्नलची संदर्भयादी लिहायची स्टाईल वेगळी. संदर्भांच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकी ती सापडली नाही, की जवळची घेऊन ते स्वतः बदलत बसत. कुठे नाव तिरकं, कुठे साल कंसात. परीक्षकांनी पेपरात काय चुकलं म्हणून लिहिलंय, ते मात्र वाचायचेच नाहीत. माझा जीव जळायचा. मी सांगितलं, की म्हणायचे, "ते नंतर बघू. आधी यादी नीट दिसू दे."

स्टाईल जमली का, हे बघायला ते नेहमी एकच नोंद उघडत. त्यांचाच पेपर, छापून आल्यासारखा भरलेला. फक्त जर्नलची जागा रिकामी.

पेपर छापून आला नाही, म्हणून यंदा कॉलेजने त्यांचा करार वाढवला नाही. परवा कॉलेज सोडायच्या क्लिअरन्सवर लायब्ररीतर्फे माझी सही घ्यायला आले, तेव्हाही लॅपटॉप होताच. नवी स्टाईल लावून त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"ह्यात माझं नाव चांगलं दिसतं ना, मॅडम?"

"चांगलं दिसतं, सर," म्हणत मी सही केली.