मागून हाक

थांबाताई कुठेही झटक्यात निघाल्या असं मी कधी पाहिलं नाही. सायकलवर बसण्याआधी त्या स्वतःलाच मोठ्याने बजावायच्या, "थांबा." मग ब्रेक, दिवे, घंटी, चाकांतली हवा, एकेका गोष्टीला बोट लावून बघायच्या. आम्ही बाकीचे सिग्नलपर्यंत पोचलेलो असायचो. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातल्या मराठी मंडळींत त्यांचं खरं नाव कधीच मागे पडलं होतं. त्यांना हे ठाऊक होतं. "बरंच आहे की," त्या म्हणायच्या, "नावानेच काम होऊन राहिलं."

ताई मूळच्या नागपूरच्या. आमच्याच कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत, मला पंधरा वर्षं सीनियर. मी पुण्याहून नवा आलो, तेव्हा भाड्याचं घर शोधण्यापासून इथली सायकल चालवण्यापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून चहा पिताना माझ्या आईचे नियम त्यांना ऐकवावेत, आणि त्यांनी पोट धरून हसावं. निघताना कुणी शिंकलं तर घटकाभर बसायचं, कुठे निघालास विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही. "तुझ्या घरची चेकलिस्ट माझ्या विमानापेक्षा लांब आहे रे बापा!"

विमान खरंच होतं. शहराबाहेर गवताची धावपट्टी असलेला एक क्लब होता, तिथलं दोन माणसांचं छोटं विमान त्या रविवारी उडवायच्या. हातात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली, उडण्याआधी तपासायच्या गोष्टींची यादी. "माणूस विसरतो, त्यात लाज नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, "पण यादी मधेच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. तिथून पुढे नाही, पहिल्यापासून."

एका रविवारी मी बघायला गेलो. त्या विमानाभोवती फिरत एकेक ओळ वाचत होत्या, आणि मी म्हणालो, "ताई, आईला पाठवायला एक फोटो!" त्या हसून पंख्याशेजारी उभ्या राहिल्या. मग घड्याळाकडे पाहिलं आणि यादी जिथे सोडली होती, तिथून पुढे चालू केली. निदान त्यांना तसं वाटलं. मधली एक ओळ निसटली.

मी कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. त्या विमानात चढत होत्या, तेव्हा पंखाखाली एक लाल फीत फडफडताना मला दिसली. आपल्याकडे नव्या गाडीला बांधतात तशी. ही मघाशी फोटोत होती, पण उडताना असते का? "ताई" हा शब्द अगदी ओठांवर आला. पण त्या निघाल्या होत्या. मागून हाक मारू नये. शिवाय त्यांना मी काय शिकवणार? आम्ही पुणेकर एरवी कुणालाही काहीही शिकवायला मागेपुढे पाहत नाही, नेमका त्या दिवशी मी गप्प बसलो.

ती फीत वेग मोजणाऱ्या नळीवरच्या झाकणाची होती. चाकं जमिनीवरून सुटली आणि ताईंच्या लक्षात आलं, वेगाचा काटा शून्यावरच आहे. त्यांनी विमान परत खाली टेकवलं, पण पुढची धावपट्टी संपत आली होती. विमान धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या ओढ्यात नाक खुपसून उलटलं. मी धावत पोचलो तेव्हा दोघा-तिघांनी त्यांना बाहेर काढलं होतं. घोटा मोडला होता, दोन बरगड्याही.

आठवडाभर मी नीट झोपलो नाही. शेवटी हॉस्पिटलमध्ये जाऊन सांगून टाकलं, "ताई, मला फीत दिसली होती."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही निघाला होता. मागून कशी मारणार?"

त्या हसायला लागल्या आणि बरगड्या धरून कळवळल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे बघ. फोटोला मी उभी राहिले. यादी मी अर्धवट सोडली. काट्याकडेही उशिरा पाहिलं. हे सगळं माझं. पण हाक तुझी होती."

मला रडू आवरलं नाही. त्यांनी आवरायलाही सांगितलं नाही.

क्लबातला एक जुना मित्र मायेने म्हणाला होता, त्या दिवशी वाराच विचित्र होता, तसं लिहा. ताई म्हणाल्या, "वाऱ्याला कशाला बदनाम करता?" अपघाताच्या अहवालात त्यांनी स्वतःची चूक ओळीओळीने लिहिली. कुबड्या घेऊन क्लबात सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या, माझा तो फोटो पडद्यावर दाखवला, लाल फितीसकट. मग नियम ठरला: विमानात चढणाऱ्याला कुंपणापासून कुणीतरी हाक मारायचीच. कोणता शब्द, यावर थोडी चर्चा झाली. तेव्हापासून तिथले उंचच उंच डच आजोबा एकमेकांना "थांबा!" म्हणून ओरडतात.

वर्षभराने त्या पुन्हा उडायला निघाल्या. घरच्यांनी, मित्रांनी, मीसुद्धा समजावून पाहिलं. "चूक यादीत राहिली, आकाशात नाही," म्हणाल्या. "आणि हाक तूच मारायची. सगळं ठीक दिसलं तरी." मी मारली. आवाज फाटला माझा. त्या चढता चढता खाली उतरल्या आणि लंगडत विमानाभोवती पूर्ण फेरी घातली, पहिल्या ओळीपासून. मग वर गेल्या, आणि अर्ध्या तासाने हलकेच खाली आल्या.

या वर्षी त्या कायमच्या नागपूरला परतल्या, म्हाताऱ्या आईजवळ. आम्ही स्किपोल विमानतळावर पोचवायला गेलो होतो. निरोप झाला, "जय भीम" झालं, त्या वळून चालू लागल्या. तो थोडासा लंगडा पाय बघताना राहवेना.

"ताई, थांबा!"

त्या जागीच थांबल्या. पासपोर्ट, बोर्डिंग पास, चष्मा, फोन, एकेकाला बोट लावून पाहिलं. मग वळल्या. "काय राहिलं रे?"

"काही नाही ताई. नुसतीच हाक मारली."

"शाबास," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.