काटे गिळनारी ट्यूब

पंक्चर काढनारी बाई बघायला मिळते म्हनून सुरवातीला लोकं गाडी हळू करायची. मी बी मग तोंड सोडायची. म्हनायची, बाबा, पंक्चर असंल तर उतर, न्हाईतर नीघ, हितं काय तमाशा न्हाई लागला. आता समद्यांना सवय झालीय. राहात्याच्या भायेर, पाटाच्या पुलाजवळ माझं पत्र्याचं दुकान हाय. मूळचं मालकांचं. मालक गेल्यावर दीर म्हनले, बाईमानसानं पाना धरू नये, दुकान मोडा. मी म्हनलं, मग मला बसून खायला कोन घालनार, तुमी? मग मी पाना धरला. पूजाचं, माझ्या लेकीचं लगीन ह्याच दुकानावर करून दिलं. ती श्रीरामपूरला नांदते. तिच्या पोराबाळांतून सवड झाली की फोन करते. घरी मी एकलीच असते.

पन मला माझं रडगानं न्हाई सांगायचं. मला सांगायचंय नृसिंहकाकांचं.

काका गावातल्या ब्राह्मन आळीत राहत्यात. जन्मभर एका शाळेत कारकुनी केली. पाटाच्या कडेला दत्ताचं लहानसं देऊळ हाय, त्याची पूजा पहिल्यापासून त्यांच्या घराकडं. रोज सकाळी हँडलला फुलांची पिशवी अडकवून सायकलवर जायचे. त्या रस्त्याला दोन्ही अंगांनी येडी बाभळ माजलीय. तिचा काटा चपलेतून आरपार जातो, तिथं सायकलच्या टायरचं काय घेऊन बसलात. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, काका सायकल हातात धरून माझ्या दारात उभे. गळ्यापर्यंत बटनं लावलेली, अन् तोंड असं केलेलं की जसा काय ह्यांनी कुनाचा गुन्हाच केलाय. म्हनायचे, लंकाबाई, पुन्हा तुम्हाला त्रास. मी म्हनायची, काका, तरासावरच माझं पोट हाय, बसा.

मग ते कडुनिंबाखालच्या स्टुलावर बसायचे. मी सायकल उलटी करायची, ट्यूब काढून घमेल्यातल्या पान्यात धरायची. बुडबुडा कुठं येतो ते काका पन वाकून बघायचे. बोलायला कुठनं तरी सुरवात व्हायची. त्यांच्या घरच्या दमयंतीकाकू जाऊन तवा दोनेक वरसं झाली हुती. ते कधी म्हनले न्हाईत की घर खायला उठतं. म्हनायचे, आज आमटीत मीठ जास्त पडलं. मी म्हनलं, चाखून बघावी की. तर म्हनले, चाखली हो. खारटच होती. पण खारट झालीय का, हे विचारायला कोणी नाही ना. असं बोलून हसायचे. माझी बी गत तीच. दोन भाकरी करायच्या अन् तव्याशीच बसून खायच्या. ताट घेऊन बसावं असं कुनी समोरच नसतं.

आता तुमी म्हनाल, मग रोज बसावं, बोलावं, त्यात काय येवढं? तुमाला आमचं गाव ठावं न्हाई. समोर आबासाहेबाचं खताचं दुकान हाय. गिऱ्हाईक असो नसो, मुडदा गल्ल्यावर बसून रस्त्यापलीकडं डोळं लावतो. इधवा बाईच्या दुकानात गडीमानूस कवर बसला, हे त्याच्याकडनं गावाला कळतं. सायकल उलटी हाय तवर ठीक. गिऱ्हाईक हाय, बसनारच. सायकल सरळ झाली की मानसानं उठायचं. हा नियम कुनी लिव्हला न्हाई, पन समदे पाळत्यात, अन् काका तर माझ्यापरीस जास्त पाळायचे. चाक बसलं की हे उभे. म्हनून मग मी काय करायची, ट्यूब कानशीनं घासायला येळ लावायची. ठिगळ चिकटवायचं सुलोचन लावलं की म्हनायची, वाळू द्या, घाई केली की ठिगळ धरत न्हाई. ते कवा घाई कर म्हनले न्हाईत. ठिगळ वाळायला किती येळ लागतो हे त्यांना बी चांगलं ठावं हुतं.

मागच्या दिवाळीला त्यांचा पोरगा आला. सुहास, पुन्याला असतो. पोरगा वाईट न्हाई, उलट लई गुनी. बापाला तिकडं चला म्हनून कितीदा घ्यायला आला, पन काकांना दत्त सोडवत न्हाई. बाप उन्हातान्हाचा पंक्चर सायकल ढकलत येतो हे कुनीतरी त्याला सांगितलं, अन् त्याच्या जिवाला लागलं. त्यानं पुन्याहून तीन ट्यूबा आनल्या. दोन चाकांना दोन, अन् एक जास्तीची. आत हिरवं चिकट औषध भरलेलं. काटा घुसला की ते औषध तिथल्या तिथं भोक बुजवतं, हवा जात न्हाई. घरी हवा मारायला पंप बी आनला. म्हंजे हवेला बी माझ्याकडं यायला नको.

अन् ट्यूब बसवायला दोघं बापलेक आले कुठं, तर माझ्याकडंच.

सुहास हौसेनं सांगत हुता, मावशी, आता बाबांना रस्त्यात अडकायचं काम नाही. मी म्हनलं, बरं झालं बाबा. दुसरं काय म्हननार? माझ्या हातानं मी त्या ट्यूबा दोन्ही टायरांत सारल्या. काका स्टुलावर हुते, पन त्या दिवशी आमटीचं बोलले न्हाईत, मिठाचं बोलले न्हाईत. चाकाकडं बघत बसले. मी हवा मारली ती अशी दनादन मारली की सुहास म्हनला, मावशी, बास. मला राग आला हुता, खरं सांगते. पन धरायचा कुनावर? बापाची काळजी करनाऱ्या लेकरावर?

त्यापुढं काका रोज पुलावरनं जायचे, घंटी वाजवायचे, हात वर करायचे. मी बी हात करायची. तेवढंच. टायर बघावं तर काट्यांनी भरलेलं, पन चाक टनक. एक दिवस मनात आलं, बाभळीची फांदीच आडवी टाकावी रस्त्यात. टाकून उपेग काय, ती अवदसा ट्यूब समदे काटे गिळायची. आबासाहेब पलीकडनं वरडला, काय लंकाबाई, तुमचं ठरलेलं गिऱ्हाईक तुटलं वाटतं. मी म्हनलं, तुझं खत सांभाळ, त्यात माती मिसळलीय म्हनत्यात. तो आत गेला. माझं मन काय त्यानं थाऱ्यावर आलं न्हाई. स्टुलावर मी हत्यारांची पिशवी ठिवायला लागले, रिकामं बघवंना.

हिवाळा गेला. उनं लागली. अन् एका सकाळी बघते तर काका सायकल ढकलत येत्यात. मागचं चाक पार बसलेलं. अन् मानूस हसतोय. म्हनले, लंकाबाई, उसाच्या ट्रॉलीचा पत्रा पडला होता, त्यावरून गेलो. बघा कसं फाटलंय. शाळेतल्या पोराला पैलं बक्षीस मिळावं तसं सांगत हुते. मी पिशवी उचलली, स्टूल पुसलं.

ट्यूब काढली तर ही येवढी चीर. हिरवं औषध बदाबदा गळाया लागलं. काटा असता तर बुजला असता, पत्र्याच्या चिरंला ते काय करनार? बरं, ठिगळ लावावं तर औषधानं रबर चिकट झालेलं, त्यावर ठिगळ धरतच न्हाई. हे मला बघताक्षनी कळलं. तरी मी धुतली, पुसली, घासली, ठिगळ लावलं. सुटलं. परत धुतली. परत लावलं. परत सुटलं. काका बघत हुते अन् बोलत हुते. चार-पाच म्हयन्याचं साठलेलं. देवळाचा पत्रा उडाला, त्यांना हिवताप झाला, तापात दोन दिवस घरात पडून हुते, दूधवाल्याशिवाय कुनाला पत्ता न्हाई. मी हातातलं काम थांबवलं. मला कळवायचं न्हाई व्हय, असं तोंडाशी आलं, पन कळवायचं कोनत्या नात्यानं?

दुपार व्हायला आली. शेवटी मी म्हनलं, काका, ही धरत न्हाई. टाकून द्या. घरी दुसरी हाय न्हवं, सुहासनं आनलेली? ते म्हनले, आहे. अन् त्यांचा चेहरा उतरला.

मग मला ऱ्हावलं न्हाई. जल्मात कुन्या परक्या मानसाला मी असं म्हनले नव्हते.

"काका, सायकल धड असली तरी बसत जा की. बसायला पंक्चरच कशाला पायजे?"

काकांनी रस्त्यापलीकडं बघितलं. आबासाहेब गल्ल्यावर हुताच. मग ते आपल्या गुडघ्यांकडं बघत ऱ्हायले. मला वाटलं उठून जात्यात आता. पन बोलले, अन् ते बी इतकं हळू की मला वाकून ऐकावं लागलं.

"लंकाबाई, तुमच्याकडे साधी ट्यूब आहे ना?"

"हाय. पन तिला काटे लागत्यात, काका."

"हो. साधीच टाका."

मला हसू बी आलं अन् डोळ्याला पानी बी आलं. येवढा शिकलेला मानूस, घरात तापानं फनफनला, पन सबब असल्याबिगर बसायची त्याची छाती झाली न्हाई. अन् मी तरी काय, दुसऱ्यांदा बस म्हनले का? न्हाई म्हनले. टायरातले काटे उपसले, खुंटीची साधी ट्यूब काढली, बसवली, हवा मारली. सायकल सरळ झाली. काका उठले.

त्याला आता पंधरवडा झाला, अन् नेमका एक बी काटा लागला न्हाई. रोज सकाळी पुलावर घंटी वाजते. काका चाकाकडं बघत्यात, मी बी हितनं चाकाकडंच बघते. आज बी बघितलं. हवा टनक हुती. काकांनी हात वर केला अन् गेले.